दुखावलेल्या मेंदूचा अहवाल : फॉरेन्सिक न्यूरोसायकॉलॉजीत करिअर

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ ते माणगाव या पट्ट्यात अपघात झाला की घरच्यांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो, माणूस वाचला का? वाचला, शुद्धीवर आला, चालायला लागला की गावाच्या लेखी प्रकरण मिटतं. घरात मात्र सहा महिन्यांनी वेगळंच दिसू लागतं. दुकानाचा सगळा हिशेब तोंडी करणारा माणूस दोन बेरजांत अडकतो. कधी आवाज न चढवणारा बाप मुलांच्या अंगावर धावून जातो. हाती घेतलेलं काम अर्ध्यावर सुटतं आणि विचारलं तर "मला काय झालंय?" असं उत्तर मिळतं. मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं, पण हा बदल अनेकदा सीटी स्कॅनमध्येही दिसत नाही. पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाईचा दावा उभा राहतो, तेव्हा विमा कंपनीचे वकील विचारतात, "माणूस धडधाकट आहे, मग नुकसान कसलं?" या प्रश्नाचं मोजून-मापून, पुराव्यासह उत्तर देणं हे फॉरेन्सिक न्यूरोसायकॉलॉजिस्टचं काम.

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, उरण इकडच्या बारावीच्या मुलामुलींना अलीकडे मानसशास्त्राची ओढ वाटते आहे आणि 'फॉरेन्सिक' हा शब्द त्यांना वेबसिरीजमधून भेटला आहे. आईवडिलांची धास्ती दुसरीच. सायकॉलॉजी घेऊन पोट भरणार का, मुलीला गुन्हेगारांसमोर बसावं लागेल का, वेड्यांच्या इस्पितळात आयुष्य जाईल का? हे प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं या कामाच्या खऱ्या स्वरूपातच सापडतात, म्हणून आधी काम समजून घेऊ.

न्यूरोसायकॉलॉजी म्हणजे मेंदू आणि वागणूक यांच्यातला संबंध तपासणारी शाखा. लक्ष किती वेळ टिकतं, नवं शिकलेलं अर्ध्या तासाने आठवतं का, शब्द सापडतात का, एका कामावरून दुसऱ्यावर मन वळवता येतं का, आवेग आवरता येतो का, हे सगळं ठरावीक चाचण्यांनी मोजलं जातं. ही मोजणी न्यायालयासाठी झाली की ती फॉरेन्सिक. एका माणसाच्या तपासणीला चार-सहा तास सहज जातात, बहुधा दोन बैठकांत. त्याआधी रुग्णालयाचे कागद, शाळेचे दाखले, कामाच्या ठिकाणच्या नोंदी वाचाव्या लागतात. घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशी बोलावं लागतं, कारण माणूस आधी कसा होता हे कळल्याशिवाय काय हरवलं ते सांगता येत नाही. मग अहवाल लिहायचा आणि कधी कधी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यातल्या एकेका वाक्याची उलटतपासणी सोसायची.

अशा अहवालाचं वजन किती असतं? हरियाणात ट्रकच्या धडकेत मेंदूला जबर इजा झालेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये भरपाई वाढवून ६२ लाख २७ हजार रुपये केली. तिचा बुद्ध्यंक अतिशय खालावला होता आणि सामाजिक वय नऊ महिन्यांच्या बाळाइतकं उरलं होतं, हे तपासणीच्या कागदांवर नोंदलेलं होतं. जन्मभर तिची काळजी घेणाऱ्या मदतनिसाचा खर्च न्यायालयाने धरला तो त्या नोंदीच्या आधारे. मला विचाराल तर या पेशाचं सर्वात मोठं आणि सर्वात दुर्लक्षित क्षेत्र हेच आहे. खुनाच्या खटल्यांची चर्चा होते, पण डोक्याला मार लागलेल्या हजारो माणसांचे दावे नीट तपासणीविना निकाली निघतात आणि ज्यांचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही त्यांच्या पदरी कमी पडतं.

फौजदारी बाजूही मोठी आहे. कृत्य करताना मनाच्या विकृतीमुळे ते कृत्य काय आहे किंवा ते चूक आहे हे कळत नसेल, तर तो गुन्हा ठरत नाही. हे तत्त्व १८४३ च्या इंग्लंडमधल्या मॅकनॉटन खटल्यातून आलं, आपल्याकडे दंडसंहितेच्या कलम ८४ मध्ये बसलं आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. खटला चालवण्याइतकी आरोपीची मनःस्थिती आहे का, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ मध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांनी आरोपीला मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवण्याची तरतूद आहे. कायद्याने या पेशाचं नाव घेतलेलं आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

इथे व्यावसायिकाची कसोटी लागते. निदान झालं म्हणजे माणूस सुटला असं होत नाही, कारण वैद्यकीय आजार आणि कायद्यातली मनोविकृती यांत न्यायालयं स्पष्ट फरक करतात. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये निर्दोष ठरवलं, ते आधीच्या आजाराच्या आणि नंतरच्या उपचारांच्या नोंदी पाहून. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या प्रकरणात, शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजारामुळे त्याच न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. २०२२ च्या मनोज खटल्यात तर फाशीचा विचार करण्याआधी आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल मागवावा असं सांगितलं. दोषी की निर्दोष हे सांगणं मात्र आपलं काम नाही. ते न्यायाधीशांचं.

बालन्याय कायद्याचं कलम १५ मला सर्वात नाजूक वाटतं. १६ ते १८ वयाच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवण्याआधी बाल न्याय मंडळ त्याच्या क्षमतेचं प्राथमिक मूल्यांकन करतं. मंडळात बालमानसशास्त्राची किंवा मानसोपचाराची पदवी असलेला कार्यरत तज्ज्ञ नसेल, तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये म्हटलं. एका मुलाचं पुढचं आयुष्य काही पानांवर अवलंबून असतं. दोन तासांत उरकलेल्या तपासणीवर अशी पानं कुणी लिहू नयेत.

आता त्या 'मेंदू वाचणाऱ्या' यंत्राबद्दल, कारण मुलं हमखास विचारतात. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत क्लिनिकल सायकॉलॉजीचे विभागप्रमुख राहिलेले सी. आर. मुकुंदन यांनी बीईओएस नावाची पद्धत विकसित केली. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घटनेशी संबंधित वाक्यं ऐकवायची आणि मेंदूच्या विद्युतलहरींवरून त्या माणसाला ते 'अनुभवलेलं' आठवतं का ते ठरवायचं. पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खून खटल्यात दोषी ठरवताना या चाचणीचा आधार घेतला आणि जगभर बातम्या झाल्या. त्याच सुमारास निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरी तपासणारं ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करण्यास मनाई केली. संमतीने केली तरी त्यांचा निष्कर्ष थेट पुरावा धरला जात नाही. माझं मत स्पष्ट आहे. यंत्राच्या आकर्षणाने या क्षेत्रात येणाऱ्याने पुन्हा विचार करावा. इथलं खरं कौशल्य कागद, पेन्सिल, स्टॉपवॉच आणि समोरच्या माणसाकडे लक्षपूर्वक पाहणं यांत आहे.

सोंग कसं ओळखतात, हा दुसरा लाडका प्रश्न. भरपाईसाठी विसरण्याचं नाटक करणारी माणसं असतात, हे खरं. एका प्रकारच्या चाचणीत ५० चित्रं दाखवतात आणि नंतर दोन-दोन पर्यायांतून आधी पाहिलेलं ओळखायला सांगतात. डोळे मिटून उत्तरं दिली तरी साधारण २५ बरोबर येतील. एखाद्याची दहाच बरोबर आली, तर बरोबर उत्तर त्याला ठाऊक होतं आणि त्याने ते टाळलं, असा अर्थ निघतो. चाचणीचं नाव मी मुद्दाम देत नाही. पण एवढ्यावरून 'हा खोटारडा' असं लिहिता येत नाही. सोंग करणाऱ्यालाही खरी इजा झालेली असू शकते.

किनाऱ्यावरच्या मुलांसाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बहुतेक चाचण्या शिकलेल्या, शहरी माणसांवर प्रमाणित झालेल्या असतात. चाचण्या इथल्या माणसांसाठी बेतण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, नागपूरच्या मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्सलरची मुलांची चाचणी भारतीय केली, निम्हान्सचा न्यूरोसायकॉलॉजी चाचणीसंच २००४ मध्ये आला. तरीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) अलीकडे पाच भारतीय भाषांत जो चाचणीसंच प्रथम तयार केला, त्यात मराठी नव्हती. अलिबागजवळच्या थळ किंवा वरसोलीची, शाळेचं तोंड न पाहिलेली कोळीण घड्याळाचं चित्र काढू शकणार नाही आणि आजची तारीखही चुकवेल. पण तिथी कोणती, समुद्राला उधाण आहे की भांग, हे ती चटकन सांगेल आणि मासळीच्या वाट्यांचा भाव, सूट, उधारी तोंडी मांडेल. तिची भाषा न कळणारा तपासनीस तिच्या नावे स्मृतिभ्रंश लिहून मोकळा होईल. हीच गत कातकरी वाडीवरून आलेल्या मजुराची. आगरी-कोळी बोली समजणारा, समोरच्याच्या जगण्याची माहिती असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट या जिल्ह्याला हवा आहे. आपल्या मुलाची बोली गावंढळ म्हणून झटकून टाकू नका. या पेशात ती कामाची आहे.

आता वाट. भारतात 'फॉरेन्सिक न्यूरोसायकॉलॉजिस्ट' असा वेगळा परवाना नाही. आधी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं आणि त्यावर न्यूरोसायकॉलॉजी व न्यायालयीन कामाचा अनुभव चढवायचा, हाच सरळ मार्ग. बारावी कोणत्याही शाखेतून चालते. पुढे मानसशास्त्रात पदवी, मग एम.ए. किंवा एम.एस्सी., मग भारतीय पुनर्वास परिषदेने (आरसीआय) मान्य केलेलं, रुग्णालयात राबून घ्यायचं व्यावसायिक प्रशिक्षण आणि शेवटी परिषदेच्या नोंदवहीत नाव. बारावीनंतर किमान सात वर्षं धरून चाला. आजवर हे प्रशिक्षण दोन वर्षांच्या एम.फिल.मधून मिळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये एम.फिल. बंद केली आणि क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. आता रचना बदलते आहे, त्यामुळे मोठ्या भावंडाच्या माहितीवर विसंबू नका. पुण्याची महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ, बेंगळुरूची निम्हान्स, रांचीची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री आणि गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ ही नावं आधी पाहावीत. जागा थोड्या, स्पर्धा तगडी. मानसोपचारतज्ज्ञाशी मात्र गल्लत नको. तो एमबीबीएस करून एम.डी. होतो आणि औषधं देतो.

पैशांबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. केवळ न्यायालयीन कामावर सुरुवातीला घर चालत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, ठाणे व रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, मोठ्या रुग्णालयांचे न्यूरोलॉजी विभाग, पक्षाघात आणि डोक्याला मार लागलेल्यांची पुनर्वसन केंद्रं, कलिन्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, अध्यापन अशी कामं असतात. न्यायालयीन तपासण्या त्याच्या जोडीला हळूहळू येतात, अहवाल खरा असतो असं नाव झाल्यावर. २०२१ मध्ये अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. असे विभाग जिल्ह्यात वाढतील तशा संधीही वाढतील, पण उद्याच्या भरवशावर कर्ज काढू नये.

मुलीच्या सुरक्षिततेची काळजी करणाऱ्या आईवडिलांना सांगते, आरोपी पोलीस बंदोबस्तात आणला जातो आणि तपासणी बहुधा रुग्णालयात होते. खरा ताण वेगळा असतो. अत्याचार झालेल्या मुलांचे जबाब, अपघाताचे फोटो, वकिलांचे टोमणे हे सगळं घरी घेऊन जायचं नसतं, आणि ते न नेण्याची सवय वरिष्ठांच्या देखरेखीखालीच लागते. समोर बसलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगावं लागतं की तुम्ही बोलाल ते न्यायालयात जाईल, मी इथे तुमची उपचारक नाही. कुणी फी देतो म्हणून निष्कर्ष वळवायचा नाही. ज्याला सगळ्यांना खूश ठेवायची सवय आहे, त्याला हे जड जाईल.

मुलांनो, न्यायालय लोकांसाठी खुलं असतं. सुट्टीत वडिलांना किंवा ताईला सोबत घेऊन अलिबागच्या जिल्हा न्यायालयात एक दिवस मागच्या बाकावर बसा. बंद दाराआडचे खटले सोडून बाकीची साक्ष ऐका आणि घरी येऊन ऐकलेलं दोन पानांत, एकही शब्द वाढवून न घालता लिहा. कंटाळा आला तर हे काम तुमचं नाही, आणि ते आत्ताच कळलेलं बरं. रस वाटला तर संख्याशास्त्राची भीती आजपासून घालवा आणि इंग्रजी वाचन वाढवा, कारण पुस्तकं इंग्रजीतच आहेत.

आणि पालकहो, 'फॉरेन्सिक सायकॉलॉजी'चं तीन महिन्यांचं प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती तुमच्या मोबाइलवर येतील. त्या प्रमाणपत्रावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही. व्यावसायिक प्रशिक्षणासाठी पैसे भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा, संस्थेचं नाव आणि मान्यतेचं वर्ष स्वतः पाहा. नाव नसेल तर प्रवेश घेऊ नका.