तासातासाची नोंद : तेहचिंग शिये यांच्या कलेचा परिचय

‘परफॉर्मन्स आर्ट’ या कलाप्रकारास मराठीत अद्याप रुळलेला शब्द नाही. नाटकातील नट दुसऱ्या कोणाची तरी भूमिका करतो. येथे मात्र कलावंत स्वतःच नियम आखतो, ठरविलेला काळ त्या नियमाने वागतो, आणि ते वागणे हीच कलाकृती ठरते. या कलेतील तैवानचे तेहचिंग शिये यांचा परिचय आम्ही मुद्दाम करून देत आहोत. कारण घंटेच्या ठोक्यावर दिवस काढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना त्यांचे काम इतरांपेक्षा लवकर समजेल, असे आम्हांस वाटते.

शिये यांचा जन्म १९५० चा. शालेय शिक्षण अर्धवट सोडून ते चित्रकलेकडे वळले. पुढे खलाशी होऊन जहाजावर चढले आणि १९७४ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर जहाज सोडून न्यूयॉर्कला पोहोचले. हाती कागदपत्रे नव्हती. उपाहारगृहात भांडी घासणे आणि साफसफाई करणे, यांवर गुजराण चाले. चौदा वर्षे, म्हणजे १९८८ मध्ये माफी मिळेपर्यंत, ते कायद्याच्या दृष्टीने तेथे बेकायदेशीरच होते. याच काळात त्यांनी एकेका वर्षाच्या पाच कलाकृती केल्या.

पहिली १९७८-७९ ची. आपल्याच कार्यशाळेत लाकडी गजांचा पिंजरा बांधून ते वर्षभर त्यात राहिले. बोलणे, वाचणे, लिहिणे, रेडिओ ऐकणे, दूरचित्रवाणी पाहणे, सारे वर्ज्य. या कलाकृतीचे वर्णन करताना बहुतेक जण पिंजऱ्यातील माणसापाशीच थांबतात. आम्ही पिंजऱ्याबाहेरच्या माणसाकडेही पाहावे म्हणतो. चेंग वेई-क्वाँग हे त्यांचे मित्र अन्न आणीत, कपडे पाहत आणि मैला बाहेर नेत. एकाच्या मौनासाठी दुसऱ्याने रोज घाण उचलावी, ही व्यवस्था आपल्या समाजाला नवी नाही. नवे एवढेच की शिये यांनी कलाकृतीच्या लेखी निवेदनातच त्या मित्राचे नाव आणि काम नोंदवून ठेवले. आपल्याकडे अशी नावे कोणत्या पोथीत नोंदली गेली?

दुसरी कलाकृती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. कारखान्यात असते तसे हजेरीचे घड्याळ त्यांनी भिंतीवर बसविले. ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर, कामगाराचा गणवेश घालून, रात्रंदिवस दर तासाला ते कार्ड पंच करीत. प्रत्येक वेळी चित्रफितीची एक चौकट टिपली जाई. आरंभी त्यांनी मुंडन केले होते. म्हणून सहा मिनिटांच्या त्या चित्रफितीत केस खांद्यापर्यंत वाढताना दिसतात. चोवीस चौकटींचा एक सेकंद, म्हणजे सेकंदाला एक दिवस!

ज्यांचे वडील वा आजोबा गिरणीत होते, त्यांना या कार्डाचा अर्थ सांगावा लागणार नाही. उशीर झाला की पगार कापला जाई. शिये यांचे कार्ड मात्र कोणत्याही मालकाकडे जात नव्हते आणि त्यातून काही उत्पादनही होत नव्हते. कामगाराचा वेळ मोजणारे यंत्र त्यांनी स्वतःच्या आयुष्यासमोर उभे केले. वर्षाच्या ८,७६० नोंदींपैकी १३३ हुकल्या : ९४ झोपेमुळे, २९ उशिरामुळे, १० वेळेआधी पंच केल्यामुळे. त्यांनी हा हिशेब लपविला नाही. तोही कलाकृतीचा भाग म्हणून मांडला. सलग झोप न मिळालेल्या माणसाने आपली चूक कारणासह लिहून ठेवावी, यातील प्रामाणिकपणा आम्हांस सहनशक्तीहून मोठा वाटतो.

त्यानंतर १९८१-८२ मध्ये ते वर्षभर न्यूयॉर्कच्या उघड्यावर राहिले. कोणत्याही छपराखाली जायचे नाही, हा नियम. पोलिसांनी पकडून नेले तेव्हाच काय तो तो मोडला. १९८३-८४ मध्ये लिंडा मोंटानो या कलावतीसह आठ फुटांच्या दोराने बांधून घेऊन, परस्परांना स्पर्श न करता त्यांनी वर्ष काढले. पाचव्या कलाकृतीच्या वर्षी तर त्यांनी कला करणे, पाहणे, तिच्याविषयी बोलणेही टाळले.

मग ही तपश्चर्याच नव्हे काय? बौद्ध वाचकाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे देहदंड सोसला आणि तो व्यर्थ जाणून सोडून दिला. शिये यांचे काम देहदंडाच्या गौरवासाठी असते, तर आम्ही त्याची शिफारस केली नसती. परंतु ते रोज जेवत, त्यांच्या पिंजऱ्यात बिछाना होता. पुण्य वा सिद्धी मिळवण्याचा दावा त्यांनी केला नाही. सोसणे नव्हे, काळ कसा जातो हे आपल्या कामाचे सूत्र आहे, असे ते सांगत आले आहेत. म्हणून आम्हांस ते दुष्करचर्येपेक्षा अप्पमादाच्या, म्हणजे जागरूकतेच्या जवळचे वाटतात. त्यांना साधू ठरवून हार घालण्याची घाई मात्र करू नये. तो आपला जुना रोग आहे.

३१ डिसेंबर १९८६ पासून तेरा वर्षे त्यांनी कला केली, पण कोणालाही दाखविली नाही. १ जानेवारी २००० रोजी न्यूयॉर्कमध्ये लोकांना बोलावून त्यांनी जाहीर केले ते इतकेच, की आपण स्वतःला जिवंत ठेवले. त्यानंतर आपण कला करणे थांबविले, असे ते सांगतात.