उताराची माती राखायला एकरी खर्च किती?

शहापूर-मुरबाडच्या वरकस जमिनीला जूनच्या पहिल्या मोठ्या सरींचाच सर्वांत जास्त फटका बसतो. जमीन नुकती नांगरून उघडी पडलेली, माती मुळातच कमी आणि हंगामाचा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या पुढचा. नाचणी-वरीच्या मुळाखालची ही माती ओढ्याने खाली जाते, भातसा-तानसाच्या जलाशयांत बसते.

पहिलं काम जवळपास फुकटचं: समपातळीच्या रेघा. दोन सारखे बांबू वर एकत्र बांधा, पाय फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा आणि शेंड्यावरून दोरीने दगड सोडा. दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. या रेघांना धरून नांगरट आडवी, लावणीही आडवी. बैल तेच, मजुरी तीच. एवढं केल्याशिवाय चरांवर पैसा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच रेघांवर वाळा लावा. एकर चौकोनी धरला तर एक ओळ सुमारे 64 मीटरची. 15 सेंटीमीटरवर एक ठोंब धरला तर साधारण 430 ठोंब. विकत घ्यायचे तर एकाच ओळीपुरते घ्या. वर्ष-दोन वर्षांत तिचीच बेटं फोडून पुढच्या ओळी होतात. वाळ्यासोबत गिरिपुष्पही लावा: काठ्या गावातल्या कुंपणावरूनच मिळतात, पाला खाचराला खत होतो.

खरा खर्च चरांचा. 60 सेंटीमीटर रुंद, 30 खोल चर, दहा-दहा मीटरवर सहा ओळी: सुमारे 69 घनमीटर खोदाई. मुरमाड जमिनीत माणशी दिवसाला एक घनमीटर धरलं, तर रोजगार हमीच्या 2025-26च्या 312 रुपये दराने 21,528 रुपये. खासगी मजुरी वेगळी असेल, तर गावचा दर घालून गुणाकार करा. उथळ मातीत, तीव्र उतारावर मात्र पाणी कोंडणारे चर नकोत; भरून वाहिले की खालचा बांधही फुटतो. चराला किंचित ढाळ द्या आणि टोकाला दगडी सांडवा ठेवा. सांडव्याचे दगड बहुधा शेतातच निघतात.

हा खर्च सगळा खिशातून करण्याआधी ग्रामरोजगार सेवकाला आणि तालुका कृषी कार्यालयात विचारा. अल्पभूधारक, आदिवासी आणि वनहक्क पट्टेधारकांच्या स्वतःच्या जमिनीवरची बांधबंदिस्ती, मजगी, फळबाग रोजगार हमीत घेता येते. सातबारा किंवा वनपट्टा आणि जॉबकार्ड सोबत न्या. खोदाई उन्हाळ्यात उरकायची, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच द्या, आणि आराखड्यात सांडवा दाखवला आहे ना, ते पाहूनच सही करा.