अंगाजोगा अंगरखा

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे हे गाव आहे. आसपासच्या वाड्यापाड्यांवरील लोक बाजारहाटासाठी तेथे येतात. शाळा उघडण्याचे दिवस आले किंवा दिवाळी तोंडावर आली, की आईवडिलांबरोबर मुलेही नवे कपडे घ्यावयास निघतात. नव्या कपड्यांचा आनंद कोणाला होत नाही? परंतु कधी कधी या आनंदावर विरजण पडते. तयार सदरा अंगात चढत नाही, किंवा खांद्यावरून लोंबू लागतो. मग कोणी म्हणते, “किती हा जाडा!” कोणी म्हणते, “ही तर अगदीच काडी!” बिचारे मूल मान खाली घालते. विद्यार्थिमित्रांनो, अशा वेळी दोष कोणाचा? देहाचा की सदऱ्याचा?

आपल्या पूर्वजांची पुष्कळशी वस्त्रे न शिवलेली असत. नऊवारी लुगडे उंच स्त्री नेसते, तसेच ठेंगणीही नेसते; कृश आणि स्थूल अशा दोघींनाही ते शोभते. वस्त्राने देहाशी जुळवून घ्यावे, हा त्यातील न्याय. शिंपीही तोच न्याय पाळतो. तो छाती, कंबर, खांदा व बाही मोजतो, आकडे वहीत टिपतो आणि मगच कापडाला कात्री लावतो. त्याच्या लेखी एक आकडा चांगला आणि दुसरा वाईट, असे नसते. वाढत्या मुलाचा कपडा शिवताना तो शिवणीत थोडे अधिक कापड आत दुमडून ठेवतो. त्याला ‘माया’ म्हणतात. मूल वाढले, की शिवण उसवून तोच कपडा सैल करता येतो.

तयार कपड्यांची गोष्ट निराळी. कारखान्यात एकाच मापाचे शेकडो सदरे एकदम कापले जातात. ते कोण घालणार, हे कापणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून काही ठरावीक मापे धरून तो काम करतो. अशी मापे सर्वांना नेमकी बसणे शक्यच नाही. १९५० साली अमेरिकेच्या विमानदलाने चार हजारांहून अधिक वैमानिकांची अंगमापे घेतली. त्यांपैकी ४,०६३ जणांची दहा मापे तपासून, दहाही बाबतींत सरासरीच्या जवळपास असलेला माणूस शोधण्यात आला. असा एकही सापडला नाही!

आपल्या देशात आणखी एक अडचण होती. भारतीयांच्या अंगमापांचा स्वतंत्र तक्ता नसल्यामुळे पुष्कळ कारखाने परदेशी मापांतच फेरफार करून काम भागवीत. ही उणीव दूर करण्यासाठी २०१८-१९ च्या सुमारास राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने मोठी पाहणी हाती घेतली. सहा शहरांतील १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५,००० स्त्रीपुरुषांची मापे यंत्राच्या साहाय्याने घ्यावयाची, असा तिचा संकल्प होता. कशेळे ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात खारघर येथे या संस्थेचे एक केंद्र आहे. कपडे नीट बसत नाहीत, म्हणून लोकांनी आपली शरीरे बदलावीत, असे कोणी म्हटले नाही. मापे बदलण्याचेच ठरले.

तुमच्या वयात तर शरीर झपाट्याने वाढते. मुलींची ही वाढ बहुधा मुलांच्या एकदोन वर्षे आधी सुरू होते. म्हणून एकाच बाकावरील दोघांच्या उंचीत व बांध्यात पुष्कळ अंतर असू शकते. शरीरास सकस अन्न, खेळ आणि झोप अवश्य द्यावी. प्रकृतीविषयी शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे. दुकानातील आरशाला विचारू नये.

तेव्हा कपडे घेताना संकोच कशाला? “याहून मोठे माप दाखवा,” असे मोकळेपणाने सांगावे. कपडा घालून हात वर करावेत, खाली बसून पाहावे. सुखाने वावरता आले, म्हणजे तो आपला. चिठ्ठीवरील आकडा हा काही परीक्षेतील गुण नव्हे. आणि सोबत्याला एखादा कपडा बसला नाही, तर त्याला हसू नये. शिंपी शिवणीत माया ठेवतो. आपण ती बोलण्यात ठेवावी.

स्वाध्याय
१. शिंपी शिवणीत ‘माया’ का ठेवतो?
२. वैमानिकांच्या मापांवरून कोणती गोष्ट सिद्ध झाली?
३. ‘आनंदावर विरजण पडणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.