स्टोमा-शुश्रूषेचे शिक्षण आणि अंगावर धारण करावयाची साधने

आतड्याचा वा मूत्राशयाचा कर्करोग, आतड्यास पडलेला पीळ, अपघातातील इजा अशा कारणांनी काही रुग्णांच्या पोटावर शस्त्रक्रियेने उत्सर्जनाचा नवा मार्ग करावा लागतो. त्यास स्टोमा म्हणतात. या मार्गावर इच्छेचे नियंत्रण नसल्याने रुग्णास बहुधा चोवीस तास पिशवी बाळगावी लागते. शस्त्रक्रिया शल्यविशारद करतात. पिशवीसह जगणे मात्र परिचारिका शिकवते. ती स्वतः हे कसे शिकते, हे आमच्या देणगीदारांना व रुग्णांच्या आप्तांना ज्ञात व्हावे, म्हणून हे टिपण.

या विद्येचा पाया मुख्यतः रुग्णांनी व त्यांच्या आप्तांनीच घातला. चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना १९५४ साली एलिसे सोरेन्सेन या डॅनिश परिचारिकेने आपल्या बहिणीसाठी काढली. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. रूपर्ट टर्नबुल यांच्यासमवेत १९६१ साली स्टोमा-शुश्रूषेचे शिक्षण सुरू करणाऱ्या नॉर्मा गिल यांना स्वतःला इलिओस्टोमी होती. भारतात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने या विशेष शिक्षणाची सोय केली.

वर्गात हा पाठ पूर्वापार रबरी प्रतिकृतीवर दिला जातो. प्रतिकृती निमूट पडून असते. ती उठत नाही, घामेजत नाही, लाजत नाही. म्हणून अलीकडे अंगावर बांधावयाची साधने आली. सिलिकोनचा स्टोमा बसविलेला पट्टा एक विद्यार्थिनी पोटावर बांधते व रुग्ण होते. दुसरी तिची पिशवी बदलते. स्टोमाचे माप घेणे, त्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठे छिद्र कापणे, त्वचा कोरडी करून चकती बसविणे, हे सारे समोरच्या व्यक्तीशी बोलत करावे लागते. पिशवी उघडताच परिचारिकेच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे रुग्ण प्रथम पाहतो. प्रतिकृतीकडून याची समज मिळत नाही.

दुसरा पाठ त्याहून साधा. विद्यार्थिनीने खरी पिशवी पोटावर चिकटवून, तीत पाणी वा पातळ पेज भरून एक दिवस व एक रात्र वावरावयाचे. एक तृतीयांश भरताच पिशवी रिकामी का करावी, हे तिचा भार त्वचेस ओढू लागला की पुस्तकाविना कळते. येथे आमच्याकडील एक बाब विशेष नमूद करावीशी वाटते. स्टोमाची जागा शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास उभे करून, बसवून, वाकवून ठरवावयाची असते. पाश्चात्य पुस्तकांतील रुग्ण खुर्चीवर बसतो; आमचा मांडी घालतो, उकिडवा बसतो. परकराची नाडी, निऱ्यांची खोच, धोतराची गाठ ज्या रेषेवर येते तेथेच चकती आली, तर ती दिवसभरात सुटते. साडी नेसून पिशवी बांधलेल्या परिचारिकेस हे सांगावे लागत नाही.

आता संवेदक लावलेल्या पिशव्याही निघाल्या आहेत. २०११ साली लहान आतड्याचे प्रत्यारोपण झालेले इंग्लंडमधील मायकेल सेरेस यांची पिशवी नकळत भरून वाहत असे. त्यांनी पिशवी भरल्याचे मोबाईलवर कळविणारे साधन तयार केले. २०२० साली ते निवर्तले. इलिओस्टोमीतून दिवसाला दीड लिटरहून अधिक द्रव जाऊ लागल्यास शरीर शुष्क होते व मूत्रपिंडास धोका संभवतो. तेव्हा मोजमाप मोलाचेच. तथापि तो आकडा पाहून रुग्णालयात कधी धाडावे, हे परिचारिकेस उमगले पाहिजे. जमाखर्च पाहणाऱ्या आमच्यासारख्यांस आणखी एक गोष्ट दिसते. पिशवी हा दरमहाचा खर्च आहे, आणि तो परवडेना झाला की रुग्ण एकच पिशवी अनेक दिवस ओढतो व त्वचा सोलवटून घेतो. म्हणून आमच्या मते खर्चाचा क्रम रुग्णांच्या पिशव्या, मग सरावाचे पट्टे व त्यानंतर संवेदक असा असावा. मुदत उलटलेल्या पिशव्या पट्ट्यावरील सरावास चालतात. रुग्णासाठी मिळालेली चांगली पिशवी त्याकामी खर्ची पडू नये.

विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी पिशवी काढून ठेवते. रुग्णास तशी मुभा नसते. याकरिता घरी जाण्यापूर्वी रुग्णाने वा एका आप्ताने परिचारिकेसमक्ष निदान दोनदा स्वहस्ते पिशवी बदलावी, असा आमचा आग्रह असतो. स्टोमाला स्पर्शाने वेदना होत नाही, तेव्हा भिण्याचे कारण नाही. पहिले सहा ते आठ आठवडे तो आकसत जातो, म्हणून दर आठवड्यास नव्याने माप घ्यावे. जुन्याच मापाचे छिद्र कापत राहिल्यास उघड्या त्वचेस दाह होतो. पूर्वनियोजित शस्त्रक्रियेसाठी जागेची खूण करावयाच्या दिवशी आप्तांनी रुग्णाची रोजच्या वापरातील साडी, धोतर वा विजार सोबत आणावी.