आधी हाताने, मग बटणाने

विटा

चि. बाळास,

त्रिशूरच्या दुकानात रुळलास, भट्टीवर हात बसला, मल्याळम बोलायलाही लागलास, हे तुझ्या आईकडून कळलं. आपल्या खानापूर-आटपाडीकडची गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातली पोरं जातील तिथली भाषा बोलायला शिकतात, त्यात नवल नाही. पण लिपीपाशी बहुतेक जण थांबतात. पावती दुसऱ्याकडून लिहून घ्यायची आणि गिऱ्हाइकाला इंग्रजी अक्षरांत मेसेज पाठवायचा, यावर जन्म काढतात. तू तसं करू नकोस. दुसऱ्याचं सोनं हातात घेणाऱ्याला कागदावर काय लिहिलंय ते स्वतः वाचता आलंच पाहिजे.

ती लिपी पहिल्यांदा बघितली की माणूस दबकतो. डोक्यावर रेघ नाही आणि सगळीच अक्षरं गोल. आतली मांडणी मात्र आपलीच आहे. क, ख, ग, घ हाच क्रम, तशाच काना-मात्रा, शिवाय आपला ळसुद्धा. नवीन आहेत ती वळणं. ती रोज वहीत गिरव. थ आणि ध फार सारखे दिसतात, ते शेजारी शेजारी लिहून हाताला फरक कळू दे.

मुळाक्षरांचा तक्ता पाठ करण्यापेक्षा धंद्यातले शब्द घे. 'मोतिरम' म्हणजे अंगठी. तिच्या शेवटचा अनुस्वार डोक्यावर टिंब म्हणून येत नाही, अक्षराच्या पुढे छोटं वर्तुळ म्हणून येतो आणि म् असा वाचतात. 'पवन' म्हणजे आठ ग्रॅम, तुझ्या तोंडी दिवसभर असणारा शब्द. त्याच्या शेवटी साधा न लिहिलास तर तिथला माणूस 'पवना' असं वाचेल. कारण आपण शेवटचा अ गिळतो, ते गिळत नाहीत. स्वर नसलेल्या व्यंजनासाठी त्यांच्याकडे 'चिल्लू' अक्षरं आहेत. त्यांतली नेहमी लागणारी पाच: ण, न, र, ल आणि ळ यांची. सचिनसारखं नावही तिथे चिल्लू न वरच संपतं.

ल आणि ळ मध्ये गफलत करू नकोस. ळ घालून 'वळ' लिहिलं तर बांगडी होते, ल घातला तर मासे धरायचं जाळं. याशिवाय तिसरा आहे ऴ. कोऴिकोड, आलप्पुऴ या नावांत तो येतो. आपण तिथे ळ म्हणून वेळ मारून नेतो. जीभ मागे वळव, पण टाळूला टेकवू नकोस, म्हणजे तो निघेल.

आता सोन्याचाच शब्द घे, 'पोन्न'. यातला ओ ऱ्हस्व आहे. ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ ते वेगळे लिहितात, आपण लिहीत नाही. या ओची मात्रा प च्या दोन्ही बाजूंना बसते, तरी टाइप करताना आधी प, मग मात्रा. आपली पहिली वेलांटी दिसते अक्षराआधी, पण दाबतो आपण नंतर, तसंच. मग न, चंद्रक्कल, न आणि पुन्हा चंद्रक्कल. चंद्रक्कल म्हणजे त्यांचं पाय मोडायचं चिन्ह. पहिलं दोन न जोडतं. शेवटचं मात्र अर्धवट उ सारखा उच्चार दाखवतं. एवढा एक शब्द नीट लिहिलास की निम्म्या अडचणी सुटल्या.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापर. भारतीय लिप्यांना त्याची मांडणी सामाईक आहे. मराठीत 'के'च्या बटणावर क, 'एच'वर प, 'एन'वर ल, आणि शिफ्ट धरून 'एन' दाबला की ळ. मल्याळममध्येही हीच बटणं. इंग्रजी स्पेलिंगवरून अक्षर उमटवणारे कीबोर्ड सोपे वाटतात, पण त्यात तू आवाज सोडून स्पेलिंगचा विचार करत बसशील.

संगणकात गिऱ्हाइकांची नावं भरताना एक सांभाळ. चिल्लू अक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 साली, 5.1 या आवृत्तीत मिळाली. त्याआधी ती व्यंजन, चंद्रक्कल आणि न दिसणारं जोडचिन्ह मिळून बनत. दोन्ही पद्धतींत लिहिलेलं नाव दिसायला एकच, पण शोधताना एकदा सापडेल आणि एकदा सापडणार नाही. नवी पद्धत धर आणि सगळीकडे तीच ठेव.

म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची चिठ्ठी वाचता आली नाही तर खचू नकोस. 1971 मध्ये केरळ सरकारने छपाई आणि टाइपरायटरच्या सोयीसाठी लिपी बदलली. सुमारे हजार आकार लागत, ते अडीचशेच्या आसपास आणले. अक्षराला चिकटलेले उकार सुटे झाले, पुष्कळ जोडाक्षरं फोडली गेली. जुने लोक जुन्या वळणानेच लिहितात. 'रचना'सारखा फॉन्ट निवडलास तर तूच टाइप केलेला मजकूर जुन्या वळणात दिसेल. वाचायला दोन्ही शीक, लिहायला नवी पुरे.

हे सगळं जमेपर्यंत बाजूच्या दुकानदाराला विचारायला लाजू नकोस. आपल्या लिपीत कोणी डोकं घालतंय म्हटल्यावर तो आनंदाने सांगेल. आणि येत्या महिन्यापासून पावत्या तुझ्या स्वतःच्या हातच्या असू देत.

तुझा,
मामा