३७८ चा हट्ट सोडा

पॅरलल पोर्ट म्हटलं की जुन्या मेकॅनिकच्या तोंडी एकच पत्ता: ३७८. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात लाकूड आणि ॲक्रिलिक कापणारी राउटर मशीनं मी दुरुस्त करतो. या एका आकड्यापायी बंद पडलेलं काम इतकं पाहिलंय, की ‘कॉम्प्युटर बदलला’ एवढं ऐकलं तरी पहिला संशय तिथेच जातो.

फेज दोनमधल्या एका सरदारजींचा मदरबोर्ड जळाला. नव्यावर पॅरलल पोर्टच नव्हता, म्हणून पीसीआय कार्ड आणून बसवलं. मशीन चालवणारं मॅक-थ्री सॉफ्टवेअर सुरू होत होतं, पडद्यावर आकडे पळत होते, मशीन मात्र ढिम्म. ‘कार्ड ही खराब है जी,’ म्हणत त्यांनी कार्ड बदललं, मग ड्राइव्ह बदलला, मग मोटरवर आळ. सगळं धडधाकट होतं. मॅक-थ्रीच्या पोर्ट्स अँड पिन्समध्ये ३७८ तसाच पडून होता आणि कार्ड बसलं होतं डी०१० वर.

आयएसएच्या काळात कार्डावर जंपर असायचे; पत्ता आणि आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची ओळ, आपणच ठरवायचो. आयआरक्यू सगळे मिळून १६, त्यातही कीबोर्डाला १, फ्लॉपीला ६, प्रिंटरला ७ असे बरेचसे आधीच वाटलेले. १९९२ साली पीसीआय आलं आणि वाटपाचा अधिकार बायोसकडे गेला. मशीन सुरू होताना बायोस प्रत्येक कार्डाला किती जागा हवी ते विचारतं, मोकळी जागा शोधतं आणि तिचा पत्ता कार्डाच्याच रजिस्टरात लिहितं. त्यामुळे शेजाऱ्याचा पत्ता तुमच्या कामाचा नाही. त्याच्याकडे तेच कार्ड ई८०० वर असेल.

आपल्या कार्डाचा पत्ता बघायला विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. पोर्ट्सखाली आपलं कार्ड, त्याच्या प्रॉपर्टीज, मग रिसोर्सेस. तिथे आय-ओ रेंजच्या बहुधा दोन ओळी दिसतील: एक साध्या डेटाची, दुसरी ईसीपीची. पहिलीचा सुरुवातीचा आकडा मॅक-थ्रीत भरा. तो बहुतेक वेळा बरोबर निघतो, पण ‘बहुतेक’च्या भरवशावर मोटर फिरवू नये. ड्राइव्हची वीज बंद ठेवा. मल्टिमीटरचं काळं टोक १८ ते २५ पैकी कोणत्याही पिनला लावा, लाल टोक दिशेसाठी नेमलेल्या पिनला. जॉग उलटसुलट केल्यावर व्होल्टेज बदललं, तर पत्ता बरोबर.

लिनक्सवर एलएसपीसीआय ही कमांड द्या, पुढे डॅश व्ही. पत्त्याशेजारी ‘डिसेबल्ड’ दिसलं, तर जागा मिळालीय पण दार उघडलेलं नाही. आधी ड्रायव्हर बघा. डॅश एनएन दिल्यावर ९७१० आलं, तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, चिप नेटमॉसची, म्हणजे हैदराबादच्या मॉसचिपची. ड्रायव्हर त्या नावाने शोधा.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह आणि कोड १२ असेल, तर जागाच पुरलेली नाही. बायोसमधून न लागणारे सीरियल पोर्ट, ऑनबोर्ड साउंड बंद करून पाहा. कोड २८ म्हणजे नुसता ड्रायव्हर नाही. दोन पीसीआय कार्डांचा आयआरक्यू एकच दिसला म्हणून घाबरू नका, ते वाटून घेतात. पीसीआय एक्स्प्रेसवर तर उणे आकडाही दिसतो, तोही बिघाड नव्हे.

आमच्याकडे मे-जूनच्या धुळीत कार्ड काढून, फुंकून पुन्हा बसवायची रीत आहे, आणि बसवतात हाताला येईल त्या स्लॉटात. स्लॉट बदलला किंवा बायोस रीसेट झाला की पत्ता पुन्हा वाचायचा. आणि ६४ बिट विंडोजवर मॅक-थ्रीचा पॅरलल ड्रायव्हर चालतच नाही, तिथे पत्ता शोधण्यात अर्थ नाही.

पत्ता जुळूनही मोटर अडखळत असेल, तर मल्टिमीटर पुन्हा काढा. बरीच नवी कार्डं ५ ऐवजी ३.३ व्होल्टच देतात आणि काही ब्रेकआउट बोर्डांना तेवढे पुरत नाहीत.