नदीचं टेबल आणि घरच्या घरी थर्मोडायनॅमिक्स

लाकडाच्या दोन फळ्या, मध्ये रंगीत पारदर्शक रेझिन आणि दिसायला दोन काठांमधून वाहणारी नदी, असं टेबल तुम्ही कुठल्यातरी हॉटेलात किंवा फर्निचरच्या दुकानात नक्की पाहिलं असेल. त्याला ‘रिव्हर टेबल’ म्हणतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या ग्रेग क्लासेन या कारागिराची अशी टेबलं 2014 मध्ये जगभर गाजली. गंमत म्हणजे त्याच्या नदीत रेझिन नव्हतं, निळी काच होती. रेझिन नंतर आलं आणि काचेपेक्षा सोपं म्हणून सगळीकडे पसरलं. सोपं म्हणजे किती सोपं, ते या लेखात बघू.

माझ्याकडे लाकूड होतं ते फणसाचं. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धनच्या आमच्या वाडीतला आजीचा फणस मुळासकट आडवा झाला. त्यातून दोन चांगल्या फळ्या निघाल्या, प्रत्येकी 90 सेंमी लांब, 20 सेंमी रुंद. बाजारातून आणलेलं लाकूड बिघडलं तर दुसरं आणता येतं. आजीचा फणस दुसरा आणता येत नाही. त्यामुळे ‘करून तर बघू’ हा आपला नेहमीचा मंत्र इथे चालणार नव्हता. आधी गणित, मग ओतकाम.

पहिला धडा: लाकूड कोरडं आहे का?

सीवूड्स म्हणजे एका बाजूला खाडी, डोक्यावर चार महिने पाऊस. इथली हवा लाकडाला पाणी पाजते. ओल्या लाकडावर रेझिन नीट धरत नाही, आणि नंतर लाकूड सुकलं की रेझिनपासून सुटून फट पडते. उघड्यावर सुकवताना इंचाला एक वर्ष हा सुतारांचा ठोकताळा. आमच्या फळ्या माळ्यावर त्याहून जास्त राहिल्या होत्या, पण ठोकताळ्यावर विसंबण्यापेक्षा मोजलेलं बरं.

पद्धत आपल्या लॅबमधलीच. फळीच्या टोकाचा तुकडा कापायचा, वजन करायचं, 103 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचा. माझा तुकडा 57 ग्रॅमचा 50 ग्रॅम झाला. म्हणजे 7 भागिले 50, ओलावा 14 टक्के. हे डिसेंबरात. फळ्या पंख्याखाली, हवा खेळेल अशा ठेवल्या आणि फेब्रुवारीत दुसरा तुकडा तपासला, तेव्हा 11 टक्के. मगच पुढे सरकलो. जुलैत हा उद्योग करू नये, बरं का! दमट हवेत हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पृष्ठभागावर पांढरट, तेलकट साय धरतं.

दुसरा धडा: नदीत किती पाणी?

नदीचे काठ वेडेवाकडे. क्षेत्रफळ काढायचं कसं? इंटिग्रेशन करायची गरज नाही. फळ्या जागेवर मांडून नदीचा आकार कार्डशीटवर उतरवला, कापला आणि वजन केलं: 54 ग्रॅम. त्याच कार्डशीटचा 10 बाय 10 सेंमीचा तुकडा 4 ग्रॅम. म्हणजे नदी 1350 चौरस सेंमी. खोली 4 सेंमी, म्हणून घनफळ 5400 घनसेंमी. रेझिनची घनता साधारण 1.1, म्हणजे जवळजवळ सहा किलो माल. हा आकडा दुकानात जायच्या आधी काढा, कारण या सगळ्या प्रकारात सर्वांत महाग वस्तू रेझिन हीच आहे.

तिसरा धडा: एका दमात का ओतायचं नाही?

इपॉक्सी काही नवं नाही. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने 1946 साली अरल्डाइट बाजारात आणलं, आणि दोन ट्यूब मिसळून तुटलेल्या कपाचा कान चिकटवण्याचं काम आपल्या घराघरात झालेलं आहे. रेझिन आणि हार्डनर यांची अभिक्रिया होते तेव्हा उष्णता बाहेर पडते. कपाच्या कानात ती जाणवत नाही. सहा किलोत जाणवते!

हिशेब बघा. एका ग्रॅममागे ढोबळमानाने 400 ज्यूल धरू. विशिष्ट उष्णता ग्रॅमला 2 ज्यूल. उष्णता बाहेर पडूच दिली नाही तर तापमान 200 अंशांनी चढेल. सहा किलोत एकूण सुमारे 2400 किलोज्यूल, म्हणजे सात लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता. रेझिन स्वतः उष्णतेचं मंदवाहक, त्यामुळे उष्णता आतच कोंडते. तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता. शेवटी पिवळेपणा, तडे, फेस आणि धूर.

उष्णता बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. 4 सेंमीच्या थराला 1 सेंमीच्या थरापेक्षा सोळापट वेळ लागतो. म्हणून डब्यावर लिहिलेली थराची कमाल जाडी ही कंपनीची सूचना नसून फूरिए साहेबांची आज्ञा आहे असं समजा. माझ्या डब्यावर 1 सेंमी होती. चार थर, विषय संपला. जाड थरासाठी सावकाश घट्ट होणारं वेगळं रेझिनही मिळतं. कुठलंही घ्या, पण डबा वाचून घ्या.

चौथा धडा: प्रत्यक्ष ओतकाम

साल पूर्ण काढून काठ ब्रशने साफ केले. सनमायका लावलेल्या प्लायवूडचा साचा केला, आतून पॅकिंगची चिकटपट्टी, सांध्यांना सिलिकॉन. पाणसळ लावून साचा समतल केला. लाकडाच्या छिद्रांतली हवा बुडबुडे होऊन वर येते, म्हणून आधी काठांना रेझिनचा पातळ हात दिला.

फळ्या क्लँपने दाबून ठेवायच्या, कारण लाकूड तरंगतं! एक फळी 7200 घनसेंमी, वजन 4.3 किलो. पूर्ण 4 सेंमी रेझिन एकदम भरलं आणि ते फळीखाली शिरलं, तर आर्किमिडीज तिला साडेतीन किलोच्या जोराने वर ढकलणार.

मिश्रणाचं प्रमाण नीट वाचा. माझ्या डब्यावर आकारमानाने 2:1 आणि वजनाने 100:43 होतं. दोन्ही एकच आहेत, कारण हार्डनर हलका असतो. पण वजनकाट्यावर 2:1 मोजलं तर हार्डनर जास्त होतो आणि नदी चिकटच राहते. एका थराला 1035 ग्रॅम रेझिन, 445 ग्रॅम हार्डनर. पाच मिनिटं सावकाश ढवळा, भांड्याच्या कडा खरवडा, मग दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. बुडबुड्यांवरून हॉट एअर गन झरझर फिरवा. थर बोटाला किंचित चिकटतो पण वाहत नाही, तेव्हा पुढचा थर.

रंग मी निळा घेतला नाही. पामबीच रोडवरून दिसणारी आपली खाडी निळी कधी होती? मातकट हिरवा घेतला.

पाचवा धडा: फ्लॅटमधली शिस्त

नायट्राइल हातमोजे, चष्मा आणि सेंद्रिय बाष्पांसाठीचा मास्क हवाच. हार्डनर त्वचेला वारंवार लागला तर कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते. हाताला लागलं तर साबण-पाणी, थिनर नाही. घासकामाची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून ओलं घासा आणि तो गाळ गाळून कचऱ्यात टाका. उरलेलं मिश्रण भांड्यात साठवू नका, पातळ पसरून कडक होऊ द्या. गटारात तर मुळीच नाही. नवी मुंबईत पावसाळी गटारांचं पाणी सिडकोने बांधलेल्या धारण तलावांतून खाडीत जातं. टेबलावर नदी करायची आणि खरी खाडी घाण करायची, हे बरं दिसत नाही.

तीन दिवसांनी साचा सोडला, आठवडाभर हात लावला नाही. मग सुताराकडून रंधा, 80 नंबरच्या पॉलिश पेपरपासून वर चढत घासकाम, शेवटी तेल. लोखंडी पायांना लांबट भोकं पाडली, कारण ओलावा 5 टक्क्यांनी बदलला तर 20 सेंमीची फळी आडवी साधारण 2 मिमी फुगते. स्क्रू गच्च आवळले तर पावसाळ्यात लाकूड फाटेल.

टेबल उन्हात ठेवू नका, रेझिन पिवळं पडतं. गॅसवरून उतरवलेला कुकरही त्यावर नको, 50-60 अंशांनंतर ते मऊ पडू लागतं.

थोडक्यात काय, मटेरियल सायन्स, उष्णतावहन, द्रवस्थितिशास्त्र हे विषय परीक्षेपुरते नसतात. करून बघायचं असेल तर आधी टाकाऊ फळीवर एक छोटा ट्रे करा. आणि घरात कुणी लावलेल्या झाडाचं लाकूड असेल, तर ते त्याच्यासाठी राखून ठेवा. घाई नाही, त्याला सुकायला तसाही वेळ लागतोच!